घाटरानातील पक्ष्यांची नोंदवही

मे महिन्याच्या अखेरीस वळिवाच्या दोन-चार सरी पडून गेल्या की कॅसलरॉकच्या फलाटावर पहाटे उतरणाऱ्यास प्रथम काही दिसतच नाही. दरीतून वर सरकलेले धुके रुळांवर येऊन थांबलेले असते आणि स्थानकाचे दिवे त्यात विरघळल्यासारखे वाटतात. अशा वेळी ओढ्याच्या अंगाने कोणी उनाड पोर शीळ घालीत चालले आहे असा भास होतो. सुरावट धड पूर्ण होत नाही. मध्येच चढते, मध्येच पुढचे विसरल्यासारखी थबकते. नवख्या माणसाने त्या दिशेस जाऊन शोध घेतला तरी पोर काही सापडत नाही. तो शीळकरी कस्तूर होय. गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्यास ‘शीळ घालणारा शाळकरी’ असे नाव ठेवले होते, आणि ते अगदीच चुकीचे म्हणता येणार नाही.

आम्ही मूळचे बेळगावचे. राज्य सरकारच्या सेवेत पस्तीस वर्षे काढली व त्यांतील बरीचशी घाटालगतच्या तालुक्यांत गेली. तथापि पक्षी म्हणून जे काही असते ते आमच्या दृष्टीस नोकरीच्या काळात कधी पडले नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. २०२० साली निवृत्तीनंतर घरातच बसून राहण्याची सक्ती सर्वांवर आली, तेव्हा संगणकावर जुनी नियतकालिके वाचण्याचा नाद लागला. त्यांत आमच्याच मुलखातील रानपाखरांच्या दीडशे वर्षांपूर्वीच्या नोंदी हाती आल्या. बहुतेक नोंदकर्ते सरकारी नोकर होते. कोणी पलटणीत, कोणी मुलकी सेवेत, कोणी जकात व मीठ खात्यात. सजातीयांचे लिखाण म्हणून आम्ही ते जरा अधिक बारकाईने वाचले. या रानातील पक्षी कागदावर कोणी आणले, कसे आणले आणि कोणाच्या आधारे आणले, हे वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

खानापूर तालुक्याची पश्चिम कड, पूर्वीचा सुपे म्हणजे आताचा जोयडा तालुका आणि गोव्याच्या बाजूचा मोले-कुळ्याचा उतार मिळून हे एकच रान आहे. सीमा माणसांनी आखल्या आहेत. उष्ण कटिबंधातील डोंगरी सदाहरित अरण्य म्हणतात ते हेच. घाटमाथ्याची उंची समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या आसपास. चार महिने आभाळ फाटल्यासारखा पाऊस आणि पुढे कितीतरी दिवस धुके व दव. खाली वेत आणि नेचे, त्यांवर मध्यम उंचीची झाडे, त्यांवर पुन्हा उंच वृक्षांचे छत. भर दुपारीदेखील जमिनीवर उजेड तुकड्यातुकड्यांनी उतरतो. 

माळावर पक्षी आधी दिसतो आणि मग त्याचा आवाज ऐकू येतो; या रानात क्रम उलटा असतो, आणि पुष्कळदा दुसरी पायरी येतच नाही. तासभर पानही हलत नाही. मग एकाएकी वऱ्हाड आल्यासारखी गडबड उडते. शेपटीची दोन लांब पिसे मिरवीत भृंगराज पुढे असतो व दुसऱ्यांच्या आवाजाच्या नकला करीत असतो. त्याच्या मागे शेंदरी निखार, खोडावर चढणारे सुतार, पानांच्या तळाशी किडे शोधणारे सातभाईंचे रानटी भाऊबंद, असे दहा-पंधरा जातींचे पक्षी एकत्र चाललेले असतात. एकाने हुसकलेला किडा दुसऱ्याच्या तोंडी पडतो आणि अनेक डोळे असल्याने शिकऱ्याची चाहूलही लवकर लागते, म्हणून ही सोयरीक. पाच मिनिटांत वऱ्हाड पुढे निघून जाते. पाहणाऱ्याची मान दुखू लागलेली असते आणि वहीत दोन नावे उतरलेली असतात, त्यांतील एक संशयित.

ही अडचण ध्यानात घेतल्याखेरीज जुन्या मंडळींनी बंदूक का उचलली हे समजत नाही. आज आपण गळ्यात अडकवतो तशी लोलकाची दुर्बीण जर्मनीतील झाइस कारखान्याने १८९४ साली बाजारात आणली. त्यापूर्वीच्या दुर्बिणींतून थोडेसेच मोठे दिसे आणि तेही अरुंद चौकटीत. साठ-सत्तर फुटांवरच्या काळपट पानांत हलणारा चिमणीएवढा जीव कोणता, हे सांगण्याचा त्या काळी एकच खात्रीचा मार्ग होता. तो म्हणजे त्यास खाली पाडणे.

आरंभ मात्र या रानात झाला नाही, माळावर झाला. मुंबई लष्करातील कर्नल साइक्स हे १८२४ नंतर काही वर्षे मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी होते. गावांची खानेसुमारी, पिके, पाऊस, वजनमापे मोजता मोजता त्यांनी दख्खनचे पक्षीही मोजले, व सुमारे २३६ जातींची यादी १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तान्तात छापली. याच गृहस्थांनी पुढे दख्खनच्या माशांना शास्त्रीय नावे देताना आपली ‘शिंगटी’ जशीच्या तशी लॅटिनमध्ये नेऊन बसविली, हे वाचून आम्हांस विशेष आनंद झाला. विचारलेला शब्द टिकवून ठेवण्याची बुद्धी सर्वांनाच होत नाही. पुढे मद्रासकडील लष्करी डॉक्टर जेर्डन यांचा ‘बर्ड्स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात निघाला आणि कोठल्याही छावणीत बसलेल्या हौशी अधिकाऱ्यास पक्षी ओळखण्याचे साधन हाती आले.

परंतु या साऱ्या विखुरलेल्या हौसेला खरी शिस्त लावली ती ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी. होय, तेच ह्यूम. १८८५ सालच्या डिसेंबरात मुंबईस राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले, त्या सभेचे जनक म्हणून आपण ज्यांना शाळेत पाठ केले ते. राष्ट्रीय सभेपूर्वीची पंधरा-वीस वर्षे त्यांनी पक्ष्यांच्या पायी घातली होती. १८७२ साली त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ म्हणजे ‘विखुरलेली पिसे’ या नावाचे नियतकालिक काढले आणि देशभरच्या अधिकाऱ्यांकडून नोंदी व नमुने मागविण्यास प्रारंभ केला. नमुने कसे गोळा करावेत याची एक हातपुस्तिकाही त्यांनी १८७४ साली छापली. पत्राने माहिती मागवायची, विहित पद्धतीने ती भरून घ्यायची, मुदतीत न आल्यास स्मरणपत्र धाडायचे, ही सचिवालयाची रीत त्यांनी पाखरांना लावली. आमच्यासारख्याला यात काही नवल वाटत नाही. नवल एवढेच की या रीतीने काही उपयोगाचे काम झाले!

त्यांच्या या उद्योगाची अखेर मात्र चटका लावणारी आहे. १८८०च्या दशकाच्या प्रारंभी ते हिवाळ्यात सिमल्याबाहेर असताना नोकराने त्यांची हस्तलिखिते बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली. पंचवीस वर्षांची टिपणे पुड्या बांधण्याच्या कामी गेली. ह्यूम यांचे मन त्यानंतर पक्ष्यांत रमले नाही. कातडी, अंडी आणि घरटी मिळून सुमारे ८२ हजार नमुने त्यांनी १८८५ साली ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले.

या ह्यूम यांचा एक वार्ताहर आमच्या बेळगावात होता. ८३व्या पलटणीतील कॅप्टन ई. ए. बटलर. अबू, उत्तर गुजरात, सिंध असा प्रवास करून हा मनुष्य १८७९-८०च्या सुमारास बेळगावच्या छावणीत होता आणि फावल्या वेळात पश्चिमेकडील घाटात फिरत होता. १८८१ साली ‘स्ट्रे फेदर्स’च्या नवव्या खंडात त्याची दख्खन आणि ‘साउथ मराठा कंट्री’ येथील पक्ष्यांची तात्पुरती यादी आली. सुमारे पाऊणशे पानांची. जेम्स डेव्हिडसन व वेंडन यांनी १८७८ साली दख्खनच्या पक्ष्यांवर लिहिलेला लेख तिच्या आधीचा, आणि रत्नागिरीकडचे मुलकी अधिकारी विडाल यांची दक्षिण कोकणची यादी त्याच नवव्या खंडातली. म्हणजे चार-पाच वर्षांच्या अवधीत घाटाचा माथा आणि पायथा दोन्हीकडून मोजला गेला. बेळगाव-धारवाडकडील मुलखाला बटलरने मथळ्यातच कोणते नाव दिले हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. त्यावर आमच्या पिढीने पुरेसे बोलून झाले आहे. येथे पुन्हा नको. 

बटलरने यादीला ‘तात्पुरती’ म्हटले, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. सरकारी कागदावर हा शब्द क्वचितच प्रामाणिकपणे वापरला जातो.

आता हे पक्षी कागदापर्यंत येत कसे, ते पाहू. पहाटे निघायचे, बरोबर रानाची वाट जाणणारा माणूस घ्यायचा. उंच झाडावर बारीक छऱ्याने पक्षी पाडायचा. खालच्या वेतात, काट्यांत, जळवांत तो शोधून आणायचा. डेऱ्यावर आल्यावर उकाड्याने कुजण्यापूर्वी कातडे सोलायचे. मांस, मेंदू काढून आतून सोमलाचा साबण फासायचा, म्हणजे कीड लागत नाही. कापूस भरून, पाय बांधून, त्याला चिठ्ठी अडकवायची : जात, नर की मादी, ठिकाण, तारीख, आणि संग्राहकाचे नाव. पावसाळी रानात हे काम कसे होत असेल याची कल्पना आमच्याकडील ज्यांची लोणची जूनमध्ये बुरशीने गेली आहेत त्यांस सहज करता येईल. चिठ्ठीवर एकच नाव असे. वाट दाखविणारा, जळवांत हात घालणारा, सोमलाने बोटे सोलवटून घेणारा, आणि मुळात अमका पक्षी अमक्या झाडावर येतो हे सांगणारा, यांच्यासाठी चिठ्ठीवर जागा नसे. लेखांत पुष्कळदा ‘माझा शिकारी’ किंवा ‘एका नेटिवाने आणले’ एवढ्यावर भागते. 

हे आम्ही दोष देण्यासाठी लिहीत नाही. आमच्या दफ्तरांतही पंचनाम्यावर सही कोणाची असते आणि ओढ्यात उतरून साखळी धरणारा कोण असतो, हे आम्हांस ठाऊक आहे.

१८८८ साली मडगावकडून येणारी पोर्तुगीज रेल्वे घाट चढून कॅसलरॉकला पोहोचली आणि बेळगाव-हुबळीकडील लोहमार्गाला जोडली गेली. कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंत २६ किलोमीटर, आणि चढ असा की सदतीस फुटांमागे एक फूट वर. कॅसलरॉक हे दोन राज्यांच्या हद्दीवरचे जकातीचे ठाणे झाले, ते १९६१ पर्यंत. रेल्वेने रानात जाणे सुलभ केले आणि जकातीने रानात राहणे भाग पाडले. या दोहोंच्या सांध्यावर जो एक लेखक उभा राहिला तो आमच्या मते या सर्वांत वाचनीय. त्याचे नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, लिखाणाखाली ‘ईएचए’ एवढीच अक्षरे.

एटकेन यांचा जन्म १८५१ साली साताऱ्याचा. वडील मिशनरी. शिक्षण मुंबई-पुण्यास झाले, डेक्कन कॉलेजात काही वर्षे लॅटिन शिकविले, आणि १८७६ साली जकात व मीठ खात्यात रुजू झाले. या खात्याने त्यांना खाराघोडा, उरण, उत्तर कानडा आणि गोव्याची हद्द असे फिरविले. १८९४ सालचे त्यांचे ‘अ नॅचरलिस्ट ऑन द प्राउल’ हे पुस्तक कारवारकडील रानावर आहे. ते वाचताना बंदूक हळूहळू बाजूला पडते आणि एक रिकामटेकडा, मिस्कील गृहस्थ झाडाखाली नुसता बसून राहिला आहे असे वाटू लागते. पक्षिनिरीक्षण या शब्दाचा आजचा अर्थ आमच्या भागापुरता तेथे सुरू झाला असे म्हणण्यास हरकत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने एटकेन यांच्यावर एक निराळीच कामगिरी सोपविली. गोव्याच्या हद्दीवरील चौक्यांत मीठखात्याचे शिपाई हिवतापाने खचत असत. त्या सीमेवरील नेमणुकीची सर्वांना धास्ती असे. डास चावल्याने हा ताप येतो हे तेव्हा नुकतेच सिद्ध झाले होते. चौक्या डासांच्या ठाण्यांपासून कशा हलवाव्यात हे पाहण्यास एटकेन हिंडले व त्या फेरीत त्यांना डासाची एक नवी जात सापडली. तिला त्यांचेच नाव मिळाले. शास्त्राच्या इतिहासात तो डास आहे. त्या चौक्यांत थंडीने कुडकुडत जे शिपाई मेले त्यांच्यापैकी एकाचेही नाव आम्हांस वाचावयास मिळालेले नाही. ती माणसे बहुधा आपल्याच तालुक्यांतली असावीत.

एटकेन यांच्याच काळात डेव्हिडसन उत्तर कानड्याचे कलेक्टर होते. मद्रास इलाख्यातून हा जिल्हा १८६२ साली मुंबईकडे आला होता, त्यामुळे बेळगाव आणि कारवार एकाच सरकारखाली होते. डेव्हिडसन यांचा ‘उत्तर कानड्याचे पक्षी’ हा लेख १८९८ साली मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात आला. वनखात्यातील टी. आर. बेल आणि एटकेन यांच्यासह त्यांनी जिल्ह्यातील फुलपाखरांवरही लिहिले. बेल यांची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे : १९२० साली निवृत्त झाल्यावर ते विलायतेस गेलेच नाहीत, कारवारातच राहिले आणि १९४८ साली तेथेच वारले. 

या निसर्ग इतिहास संस्थेची स्थापना १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी केली. त्यांत एटकेन होते, आणि दोघे आपले होते : प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून सखाराम अर्जुनांचे नाव आपल्याला अधिक परिचित आहे. मराठी माणसास निसर्गाची आवड उशिरा लागली अशी तक्रार आपण नेहमी करतो, ती करताना ही दोन नावे आठवावीत. संस्थेचे बोधचिन्ह आहे महाधनेश पक्ष्याचे, आणि तो काल्पनिक नाही. १८९४ साली कारवारकडे जन्मलेले एक पिल्लू संस्थेस भेट मिळाले. त्याचे नाव विल्यम ठेवले. फिप्सन नावाच्या मद्यव्यापाऱ्याच्या पेढीत तेव्हा संस्थेचे कार्यालय होते. तेथे खुर्चीमागे हा पक्षी सव्वीस वर्षे राहिला. टेनिसचा चेंडू तो चोचीत अचूक झेले. १९२० साली तारेचा तुकडा गिळल्याने मेला. मुंबईत गेटवेजवळ ‘हॉर्नबिल हाउस’ या नावाने उभी असलेली इमारत आमच्या घाटातल्या एका पोरक्या पिल्लाच्या नावाची आहे, हे बेळगाव-कारवारकडील किती जणांस ठाऊक असेल?

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध आम्ही भरभर ओलांडतो. वॉल्टर कोल्झ नावाच्या अमेरिकन संग्राहकाने लोंढ्याच्या परिसरात मोठा संग्रह केला आणि १९४२ साली मुंबईच्या त्याच नियतकालिकात ‘लोंढा परिसरातील पक्षी’ हा लेख लिहिला. कोल्झच्या भारतातील प्रवासांत त्याचा साथीदार असे लाहुलचा ठाकूर रूपचंद, आणि त्याचे नाव मात्र नोंदींत राहिले आहे. अपवाद म्हणून सांगितले पाहिजे. सलीम अलींनी हैदराबाद संस्थान (१९३१-३२) व त्रावणकोर-कोचीन (१९३३ पासून) येथील पाहण्या केल्या, १९४१ साली त्यांचे ‘बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आले आणि सामान्य वाचकाच्या हाती चित्रांसह पुस्तक पडले. गोवा मुक्त झाल्यावर तिकडचे रानही खुले झाले. रिचर्ड ग्रब आणि सलीम अलींनी गोव्याच्या पक्ष्यांवर १९७६ साली लिहिले, आणि हाइन्झ लाइनर यांचा मोठा संदर्भग्रंथ २००४ साली गोव्यातच छापला गेला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदुकीचे युग संपविले होते. मराठीत मारुती चितमपल्लींनी ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. वनखात्यातील नोकरीत भेटलेल्या रानातल्या माणसांची शब्दसंपदा त्यांनी शास्त्राच्या पंगतीस बसविली. २०२५ साली ते गेले. सरकारी नोकराने निवृत्तीनंतर मागे काय ठेवावे याचे एवढे चांगले उदाहरण आमच्या डोळ्यांपुढे दुसरे नाही.

आणि येथे आम्हांस स्वतःबद्दल लिहिणे भाग आहे.

१९८९ साली आमची नेमणूक घाटालगतच्या एका तालुक्यात होती. रानाला लागून असलेली काही जमीन एका कामासाठी द्यावयाची, असा प्रस्ताव टेबलावर आला. तपासणी टिपणात एक रकाना होता : ‘परिसरातील वन्य पशुपक्षी’. आम्ही जीप घेऊन गेलो खरे, परंतु पाऊस सुरू झाला म्हणून वस्तीवरच थांबलो. गवळी-धनगरांची सात-आठ घरे. एका वृद्ध मामांना विचारले, “मामा, जनावरं-पाखरं काय दिसतात इकडे?” त्यांनी गवे सांगितले, शेकरू सांगितले, आणि मग वरच्या कड्याकडे बोट दाखवून म्हणाले, “गरुडं येत्यात की साहेब, उंबर पिकला की. मोप येत्यात. पंखांचा आवाज आगगाडीवानी होतोय.” आम्ही मान डोलावली. गरुड म्हणजे गरुड, साप-ससे धरणारा. त्याचे उंबराशी काय काम, हा प्रश्न आमच्या मनात आला नाही. कचेरीत येऊन रकान्यात लिहिले, ‘घारी, गरुड इत्यादी सामान्य पक्षी. विशेष काही आढळत नाही.’ मागील एका टिपणातही जवळपास असेच शब्द होते, त्यामुळे लेखणी अडली नाही. प्रस्ताव पुढे गेला.

तीस वर्षांनी विडाल, बटलर, डेव्हिडसन चाळताना आमच्या ध्यानात आले की आपल्या डोंगरी भागात आणि कोकणात गरुड म्हणतात तो धनेशाला. दीड हात पंख, पिवळी चोच, डोक्यावर शिंगासारखे शिरस्त्राण. उडताना पंखांतून वारा असा घुसतो की खरोखरच दुरून गाडी यावी तसा आवाज होतो. उंबर, वड, नांद्रुक, रानजायफळ यांच्या फळांवर तो जगतो आणि त्यांच्या बिया मैलोगणती दूर टाकीत जातो. रान पेरणारा पक्षी तो हाच. माघाच्या सुमारास मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरून विष्ठा व फळांच्या चोथ्याने दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. तीन-चार महिने नर तिला आणि पुढे पिल्लाला त्या फटीतून भरवतो. नर मेला तर आतली दोघेही धोक्यात. म्हणून जुने, पोकळ, इमारती लाकूड म्हणून निरुपयोगी झाड हेच त्याच्या दृष्टीने सर्वांत मौल्यवान. आमच्या टिपणात अशा झाडांची वर्गवारी ‘कुचकामी’ अशी झाली होती. मामांनी एका वाक्यात पक्षी, झाड, ऋतू आणि आवाज सांगितला होता. बटलरसाहेबाने तो नक्कीच वहीत उतरविला असता. मामांचे नाव लिहिले नसते, पण वाक्य उतरविले असते. आम्ही दोन्ही केले नाही.

यादीत एक ओळ असणे-नसणे याने काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. २०२० साली कॅसलरॉक ते कुळे मार्गाच्या दुपदरीकरणास, तसेच मोल्याच्या अभयारण्यातून जाणाऱ्या महामार्ग व वीजवाहिनीच्या कामांना गोव्यात मोठा विरोध झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने एप्रिल २०२१ मध्ये दुपदरीकरणाविरुद्ध मत दिले, आणि ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. जैवविविधतेवरील परिणामांचा तपशीलवार अभ्यास करून पुन्हा येण्याची वाट मात्र मोकळी ठेवली. रेल्वे हवी की रान हवे, यावर आमच्या घरातही एकमत नाही. मडगावला मुलगी दिलेल्या माणसाने गाड्या वाढू नयेत असे म्हणणे सोपे नसते. परंतु अशा वादात ‘विशेष काही आढळत नाही’ हे वाक्य किती वजनाचे ठरते, हे ते वाक्य लिहिलेल्या माणसास अधिक कळते.

कधीकधी तर वाक्य राहते आणि गावच जाते. सुपे तालुक्याचे मूळ गाव काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले, कचेऱ्या जोयड्यास आल्या आणि बरीच कुटुंबे रामनगरला वसली. विलायतेतील कपाटात ‘सुपे’ अशी चिठ्ठी पायास बांधलेला एखादा पक्षी अद्याप पडून असेल, तर त्याचे गाव आता नकाशावरच्या निळ्या रंगात आहे. दुसरीकडे, आमच्या टिपणातील ‘सामान्य’ पक्ष्यासाठी २०११ साली दांडेलीजवळ बावन्न चौरस किलोमीटरांचे खास धनेश संरक्षण क्षेत्र झाले. त्याच वर्षअखेरीस खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य जाहीर झाले.

गेल्या फाल्गुनात आम्ही चौघे निवृत्त मित्र पुन्हा त्या वस्तीवर गेलो. सात-आठ घरांतील तीनच उरली आहेत. मामा केव्हाच गेले. त्यांचा नातू आता पाहुण्यांना रान दाखवितो. त्याने आम्हांस ओढ्यापलीकडे नेले आणि वेताच्या जाळीसमोर उभे करून हळूच म्हटले, “आजोबा, समोर बघा. बेडूकतोंड्या बसलाय. जोडी आहे.” आम्हांस वाळकी पाने दिसत होती. दुर्बीण लावली, वाळकी पाने मोठी दिसू लागली. दहा मिनिटे गेली. तो कंटाळला नाही. तिसऱ्या फांदीचा दुसरा फाटा, तेथून वीतभर डावीकडे, असे सांगत राहिला. शेवटी एका वाळक्या पानाने डोळा किंचित उघडला आणि पुन्हा मिटला. त्याला चिकटून दुसरे, थोडे तांबूस पान होते, ती मादी. 

दुपारी दूर कोठेतरी आगगाडीसारखा आवाज झाला. आम्ही चौघांनी मानेला झटका देऊन वर पाहिले. नातू हसला आणि म्हणाला, “ती खरीच गाडी आहे. बाराची मालगाडी.”

आमच्या वहीत जात, ठिकाण, तारीख, वेळ असे रकाने होते. त्या दिवशी झाडाखाली बसून पट्टीने आणखी एक रेघ मारली आणि नव्या रकान्यास मथळा दिला, ‘कोणी दाखविला’. त्या दिवशीच्या एकतीस नोंदींपैकी सव्वीस नोंदींपुढे एकच नाव आले. उरलेल्या पाचांत दोन कावळे आहेत.